शंभर किलोंचा हिशेब
स्पर्धेला नऊ दिवस उरलेले असताना आमचा लढाऊ रोबो पहिल्यांदा पूर्ण जोडलेल्या अवस्थेत काट्यावर चढला आणि आकडा आला २२६ पौंड. मर्यादा २२० पौंडांची, म्हणजे जेमतेम १०० किलोंची. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या त्या गॅरेजमध्ये आम्ही पाच जण काही वेळ नुसते उभे राहिलो. पावणेतीन किलो कोठून काढायचे, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. पण ज्या यंत्रातला प्रत्येक बोल्ट विचार करून बसवलेला आहे, त्यात तो फार जड जातो.

लढाऊ रोबोंचे कुस्तीसारखेच वजनगट असतात. इथे हेवीवेट म्हणजे रोबोगेम्स या स्पर्धेत २२० पौंड आणि बॅटलबॉट्स या स्पर्धेत २५० पौंड. या खेळाच्या आजच्या रूपाची सुरुवातही आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर, सॅन फ्रान्सिस्कोच्या फोर्ट मेसनमध्ये झाली. मार्क थॉर्प यांनी १९९४ मध्ये तिथे पहिली ‘रोबोट वॉर्स’ स्पर्धा भरवली. पुढच्याच वर्षी जेमी हाइनमन यांचा ‘ब्लेंडो’ आला. उपड्या घातलेल्या कढईला पाती लावून ती गवत कापण्याच्या यंत्राच्या इंजिनावर गरगर फिरवायची, एवढीच त्याची रचना. पण प्रतिस्पर्ध्याचे तुकडे भिंतीवरून बाहेर उडू लागल्यावर संयोजकांनी त्याला थांबवले आणि सहविजेता ठरवले. फिरत्या वस्तूत साठवलेली ऊर्जा काय करू शकते, हे त्या दिवशी सर्वांना कळले असावे.

आमचे हत्यारही फिरणारेच आहे: एक मीटर लांबीचे, ३० किलो वजनाचे आडवे पोलादी पाते. मिनिटाला २००० फेरे घेताना त्याच्या टोकाचा वेग ताशी सुमारे ३७५ किलोमीटर होतो आणि त्यात जवळपास ५५ किलोज्यूल ऊर्जा साठते. एक टन वजनाची लहान मोटारगाडी ताशी ३८ किलोमीटर वेगाने भिंतीवर आदळावी, तितकी ही ऊर्जा आहे. मग आणखी वेगाने का फिरवू नये, असे मलाही सुरुवातीला वाटले होते. पण पात्याची दोन टोके मिळून सेकंदाला सुमारे ६७ वेळा समोरून जातात, आणि दोन रोबो सेकंदाला तीन मीटर वेगाने जवळ येत असतील, तर दोन फटक्यांच्या मधल्या वेळात प्रतिस्पर्धी जेमतेम साडेचार सेंटिमीटर आत येतो. वेग वाढवला की हे अंतर आणखी घटते आणि दात लोखंडात रुतण्याऐवजी नुसता घासून जातो. पाते किती वेगाने फिरवायचे यापेक्षा केव्हा थांबायचे, हे ठरवण्यात आमचे दोन महिने गेले.

जितका जोर समोरच्याला बसतो तितकाच आपल्यालाही बसतो. म्हणून पाते, त्याचा शाफ्ट, बेअरिंग आणि मोटर यांनी मिळून वजनाचा मोठा वाटा घेतला, आणि उरलेल्यात चाके, बॅटऱ्या, सांगाडा व चिलखत बसवायचे होते. समोरच्या पाचरीसाठी, म्हणजे पुढच्या उतरत्या प्लेटसाठी, आम्ही एआर५०० हे कडक पोलाद वापरले. वजन कमी करण्यासाठी रोबो उघडला, तेव्हा त्या पाचरीच्या वेल्डिंगजवळ मला काहीतरी खटकले. तडा असेल तर त्यात शिरणारा लाल भेदक रंग लावला, पुसला, वर पांढरा थर फवारला आणि वाट पाहिली. हळूहळू वेल्डच्या अगदी कडेला केसाएवढी लाल रेघ उमटली, बोटाच्या दोन पेरांएवढी लांब. हे वेल्डिंग माझे होते.

माझ्या वडिलांचे कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथचे वर्कशॉप आहे. मी त्यांना फोटो पाठवला. तिकडे सकाळचे सात वाजले होते. त्यांनी लगेच फोन केला आणि पहिलाच प्रश्न विचारला, “अगं, वेल्डिंगच्या आधी प्लेट तापवून घेतली होतीस का?” मी तापवली नव्हती. जाड, कडक पोलाद थंड असतानाच वेल्ड केले, तर सांध्याशेजारचा भाग झपाट्याने निवतो, ठिसूळ होतो आणि काही तासांनी, कधी काही दिवसांनीही, तडकतो. पुस्तकात मी हे वाचले होते. बाबांनी ते हातांनी शिकले आहे. आम्ही तो सांधा पूर्ण घासून काढला, प्लेट दीडशे अंशांपर्यंत तापवली, कोरड्या इलेक्ट्रोडने पुन्हा भरली आणि रात्रभर जाड ब्लँकेटमध्ये गुंडाळून सावकाश निवू दिली.

वजनाचा प्रश्न मागच्या चिलखताने सोडवला. सहा मिलिमीटर जाडीची पोलादी प्लेट काढून त्याच मापाची टायटॅनियमची बसवली आणि एका फटक्यात अडीच किलो वाचले. टायटॅनियम महाग आहे, ते कापताना हत्यारे लवकर बोथट होतात. पण तिथे काटकसर करणे चुकीचे ठरले असते. उरलेला पाव किलो लांब बोल्ट आणि जादा वायर कापून मिळवला. काट्यावर आकडा आला २१९.९.

स्पर्धेत आमची दुसरी लढत तीन मिनिटे पूर्ण चालली. प्रतिस्पर्ध्याचे हत्यार असलेले उभे फिरते चाक आमच्या पाठीवर आदळले, तेव्हा टायटॅनियमच्या पांढऱ्याशुभ्र ठिणग्या छतापर्यंत गेल्या. पंचांच्या निर्णयाने आम्ही हरलो. पाते लॉक केले, बॅटरीची जोडणी काढली आणि मी आधी पाचर उलटी करून पुन्हा लाल रंग लावला. दहा मिनिटे थांबले. पांढऱ्या थरावर काहीच उमटले नाही.

तो फोटो मी कोल्हापूरला पाठवला. बाबांनी तो मोठा करून पाहिला असावा, कारण त्यांचा निरोप आला, “सांधा चांगला आहे. डावीकडचा तिसरा बोल्ट वाकलाय, तो आधी बदल.”