भाचीच्या खोलीतली भिंत: विरार ते डहाणू रोड, रांगत्या बाळाच्या उंचीवर

बोईसरला ताईच्या घरी, भाचीच्या खोलीतल्या भिंतीवर मी वारली पद्धतीचं चित्र काढते आहे. भिंत निम्म्याहून जास्त भरली आहे. डोंगररेषा झाली, ताडाची झाडं झाली, मुंग्यांची रांग झाली. लोकल अर्धी रंगली आहे आणि नावाची जागा अजून कोरी आहे. ताई बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. बाळाला तिसरा महिना लागला की मायलेकी बोईसरला परततील. तोवर खोली रिकामी, म्हणून सगळं ओलं काम याच काळात उरकायचं. रंगाचा वास पूर्ण गेल्याशिवाय बाळाला त्या खोलीत झोपवायचं नाही, हे आम्ही आधीच ठरवलं होतं.

या कामाची आखणी एका गोष्टीवर केली आहे. लहान मुलांच्या खोल्यांतली चित्रं बहुतेक घरांत मोठ्या माणसांच्या डोळ्यांसमोर येतील अशी लागतात. दारातून आत आलेल्या पाहुण्याला ती सुंदर दिसतात, पण ज्याची खोली आहे त्याला मात्र पलंगाचे पाय आणि कपाटाचा खालचा खण दिसत राहतो. रांगणाऱ्या बाळाचे डोळे जमिनीपासून साधारण एक फुटावर असतात. वर्षाचं मूल सुमारे ७५ सेंटिमीटर उंच असतं, दोन वर्षांचं ८५च्या आसपास, तीन वर्षांचं ९५च्या जवळपास. म्हणजे पहिल्या तीन वर्षांचं सगळं बघणं तीन फुटांच्या आत आहे. म्हणून मी गेरूचा रंग तीन-साडेतीन फुटांपर्यंतच दिला, वरची भिंत पांढरट ठेवली. दहा बाय दहाच्या खोलीत अख्खी भिंत गेरूची केली असती तर खोली अंधारली असती, हेही कारण होतंच.

कोणती भिंत रंगवायची हा पहिला प्रश्न. पलंगासमोरची बाहेरची भिंत मोठी आणि मोकळी आहे, पण बोईसरच्या पावसात तिला ओल येते आणि खिडकीखाली पोपडे सुटलेले दिसतात. तिच्यावर चित्र काढणं म्हणजे एका पावसाळ्यापुरतं काढणं. मी आतली, दोन खोल्यांमधली भिंत घेतली. लहान मुलांची खोली रंगवणाऱ्या प्रत्येकाला माझं हेच सांगणं आहे: कोकणपट्टीत असाल तर आधी भिंतीला हात लावून बघा, मग चित्राचा विचार करा.

जुना रंग काढताना पॉलिश पेपर ओला करूनच घासला. भारतात घरगुती रंगांमधल्या शिशाची मर्यादा प्रति दशलक्ष ९० भाग अशी ठरली आणि ती २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या रंगांत, विशेषतः दारं-खिडक्यांच्या ऑइल पेंटमध्ये, शिसं असू शकतं. कोरडं घासलं की त्याची धूळ घरभर बसते आणि रांगणारं मूल तीच हातावर घेऊन तोंडात घालतं. शिशाचा परिणाम मेंदूच्या वाढीवर होतो, म्हणून इथे हयगय नाही. खिडकीची जुनी चौकट घासलीच नाही. ओल्या फडक्याने पुसली आणि पाण्यात मिसळणाऱ्या नव्या रंगाचे दोन हात देऊन झाकून टाकली. दात येताना मुलं चौकटी चावतात. तिचे पोपडे सुटू लागले असते तर चौकटच बदलून घेतली असती.

खऱ्या गेरूचा मला फार मोह होता. डहाणू, तलासरी, विक्रमगडकडच्या पाड्यांवर कारवीच्या कुडाला शेणमातीचं लिंपण असतं, त्यावर गेरू बसतो आणि तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ त्यावर उमटते. तिथे ते चित्र टिकावं अशी अपेक्षाच नसते. लग्न असलं की भिंत सारवायची, नवं चित्र काढायचं, पुढच्या लग्नाला पुन्हा. सदनिकेतल्या पुट्टीच्या भिंतीवर मात्र नुसता गेरू हाताला लागतो, कपड्यांना लागतो, आणि तांदळाच्या पिठाला मुंग्या-झुरळं येतात. म्हणून दुकानातून गेरूच्या छटेचा मॅट इमल्शन मशीनवर बनवून घेतला. नमुना म्हणून सोबत गेरूचा खडा नेला होता, तो ओला करून दाखवला, कारण कोरडा गेरू फिका दिसतो. पांढऱ्या रेघेसाठी अॅक्रिलिक.

रेघ काढायला ब्रश आणि बांबूची काडी दोन्ही वापरते आहे. काडीचं टोक चावून मऊ केलं की रंग थोडा थोडा सुटतो आणि रेघ कुठे जाड, कुठे बारीक येते. वारली चित्राचा जिवंतपणा त्या कमी-जास्तीत आहे. बारीक कामाला, मुंग्यांच्या पायांना, शून्य नंबरचा गोल ब्रश. खालची सरळ रेघ मिस्त्री मारतात तशी सूत मारून घेतली.

आता भिंतीवर काय आहे ते सांगते, कारण यात माझा सगळ्यात जास्त जीव गुंतला आहे.

खालून एक फुटावर, म्हणजे रांगणाऱ्या बाळाच्या डोळ्यांसमोर, पश्चिम रेल्वेची लोकल धावते. २०१३मध्ये लोकल विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत गेली. भाचीचे बाबा रोज तिनेच जातात, तेव्हा तिच्या घराशी जोडलेलं चित्र म्हणून हीच निवडली. मधली स्टेशनं वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव. भिंतीच्या एका टोकाला विरार, दुसऱ्या टोकाला डहाणू रोड. पण कुठलं टोक कुठे? मागे डोंगर काढायचे म्हणजे आपण समुद्राकडे पाठ करून पूर्वेला तोंड करून उभे. मग उत्तर डावीकडे येते. म्हणून डहाणू डाव्या हाताला आणि विरार उजव्या हाताला आहे, आणि समुद्र आपल्या पायाशी, म्हणजे जमिनीलगतच्या पट्ट्यात. त्या पट्ट्यात मासे, खेकडे आणि जाळं टाकणारा माणूस. मुलगी मोठी झाल्यावर खिडकीतून खरे डोंगर बघेल तेव्हा भिंतीवरची दिशा आणि बाहेरची दिशा जुळली पाहिजे, असा माझा आग्रह होता.

प्रत्येक स्टेशनाला एकच खूण दिली आहे, बाळाचं बोट तिथे थांबेल अशी. वैतरणा आणि सफाळ्याच्या मध्ये खाडीवरचा पूल. केळव्याला पानवेली. पालघरला भाताची लावणी, वाकलेल्या बायकांची रांग. बोईसरला त्यांचीच इमारत, गॅलरीत वाळत घातलेल्या दुपट्यांसकट. वाणगावला मिरचीची शेतं. डहाणूला चिकूची वाडी आणि टोपल्या. उमरोळीला अजून काय काढावं ते ठरत नाहीये. सध्या तिथे एक कुत्रा गाडीची वाट बघत बसलेला आहे आणि तो मला आवडायला लागला आहे.

गेरूची वरची कड सरळ ठेवली नाही, तीच डोंगररेषा झाली. उजवीकडून तांदूळवाडी, मग काळदुर्ग त्याच्या चौकोनी कातळमाथ्यासकट, मग अशेरी, आणि डावीकडे महालक्ष्मीचा सुळका. हे सगळे डोंगर या भागात फिरणाऱ्याला आकारावरून ओळखू येतात, म्हणून कागदावर बाह्यरेषा अनेकदा गिरवून मगच भिंतीवर घेतली. ताडाची झाडं मात्र मुद्दाम डोंगरांपेक्षा उंच काढली आहेत. वारली चित्रात जवळ-लांब असं नसतंच, सगळं एकाच पातळीवर असतं, आणि लहान मुलंही चित्र असंच काढतात.

प्लगच्या भोवती हातभर जागा पूर्ण मोकळी सोडली आहे. तिथे एक ठिपकासुद्धा नाही. सजावटीच्या चित्रांत प्लगला फूल किंवा प्राण्याचं नाक बनवलेलं दिसतं. मला ते मुलांच्या खोलीत अजिबात पटत नाही, कारण मुलाचं बोट चित्राच्या मागे जातं. प्लगला झाकणं लावलीच आहेत, पण झाकण आहे म्हणून तिकडे बोलावणं करायचं नाही.

आणखी एक गोष्ट आम्ही टाळली, ती लग्नाचा चौक, म्हणजे वारली लग्नात भिंतीवर काढतात ती चौकट. देवचौकात पालघट देवी असते, तो सवाष्णी लिहितात, धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते, आणि तो झाल्याशिवाय लग्न लागत नाही. तो विधी आहे. पलंगामागे शोभेसाठी तो काढणं मला योग्य वाटत नाही, मी वारली नसताना तर नाहीच. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी १९७०च्या दशकात विधीबाहेरचं रोजचं जगणं कागदावर आणलं, शेत, मासेमारी, मुंग्या, गाड्या, सगळं. त्यांना २०११मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८मध्ये ते गेले. माझ्यासारख्या हौशी हातांनी शिकायचं ते त्या रोजच्या जगण्याच्या चित्रांतून.

त्याच विचाराने तारप्याचा नाच मी स्वतः काढला नाही. तो डहाणूजवळच्या पाड्यावरच्या एका वारली चित्रकारांकडून करून घेतला आहे, शेण-गेरू दिलेल्या मांजरपाटावर, चार फूट बाय तीन. खास आपल्यासाठी चित्र करून घेताना काय सांगायचं असतं? मी माप सांगितलं, खोली तान्ह्या मुलीची आहे हे सांगितलं, चित्र कुठल्या उंचीवर लागणार ते सांगितलं आणि बाकी त्यांच्यावर सोडलं. फोनवर दुसऱ्याचं चित्र दाखवून ‘असंच द्या’ म्हणणं टाळा. घासाघीसही टाळा, निम्मे पैसे आधी द्या. चित्रकार दादांनी विचारलं, ‘पोरगी बघणार कुठून?’ कडेवरून, असं सांगितल्यावर त्यांनी नाचाच्या शेपटाकडची लहान मुलं मोठी केली. वळसा घेत जाणारी ती रांग, मध्ये दुधी आणि बांबूचा तारपा फुंकणारा, आणि शेवटी हात सुटून मागे पळणारं एक पोर. वारली चित्रकलेला २०१४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. छापील ‘वारली’ स्टिकर लावण्यापेक्षा या मुलखातल्या हातांचं एक चित्र घ्या, असं मी मनापासून म्हणेन. हे कापड पांढऱ्या भिंतीवर, कडेवरच्या बाळाच्या उंचीला लागेल. पाळण्याच्या वर कधीच नाही, चौकट निखळली तर काय होईल याचा विचार करून.

आता पाळणा. पहिल्या महिन्यांत बाळाला आठ-बारा इंचांवरचं नीट दिसतं आणि गडद-फिक्यातला फरक सगळ्यात आधी कळतो. फिकट गुलाबी, फिकट पिवळा हे रंग आपल्याला हळुवार वाटतात, तान्ह्याला ते जवळजवळ एकच. गेरूवरची पांढरी रेघ म्हणूनही बरी.

पाळण्यावरच्या चिमणाळ्यावर, म्हणजे वर टांगतात त्या कापडी चिमण्यांवर, मी बराच वेळ घालवला. दुकानातली बहुतेक चिमणाळी बाजूने बघायला केलेली असतात, आणि बाळ तर खाली उताणं. त्याला दिसतात फक्त चिमण्यांची पोटं आणि गाठी. म्हणून ताईच्या सासूबाईंच्या जुन्या सुती लुगड्याच्या चिमण्या शिवल्या, आत कापूस भरला, आणि सगळी नक्षी पोटावर केली: काळ्यावर पांढरे त्रिकोण, ठिपके, पंखांच्या रेघा. दोरे पाठीत ओवल्यामुळे त्या आडव्या, पोट खाली करून तरंगतात. पाळण्याखाली जमिनीवर उताणं झोपून बघितलं, तेव्हा दोन चिमण्या एकमेकींमागे लपत होत्या, त्यांचे दोरे कमी-जास्त केले. मणी, टिकल्या, आरसे काही नाही. हाताला लागणार नाही इतक्या उंच, आणि बाळ हातांवर जोर देऊन उठू लागलं, साधारण पाचव्या महिन्याच्या सुमाराला, की चिमणाळं काढून खिडकीत, हात न पोचेल असं टांगायचं. सासूबाईंनी स्वतः दोन चिमण्या शिवल्या. त्यांचा टाका माझ्यापेक्षा कितीतरी बारीक आहे.

नाव बारशाला ठरलं, तीन अक्षरांचं. ते डोंगरांच्या वर, पांढऱ्या भागात गेरूने येणार. शिरोरेषा म्हणजे विजेची तार आणि तारेवर कोतवाल पक्षी, शेपटीची दोन टोकं फाकलेला. कागदावर हे छान उतरलं आहे. फक्त शिरोरेषा डावीकडे वाढवून खिडकीपर्यंत न्यायची की अक्षरांपाशीच थांबवायची, हे भिंतीवर खडूने आखून बघेन.

लोकलच्या डब्यांच्या डाव्या बाजूला, चिकूच्या वाडीच्या पुढे, हातभर गेरू कोरा सोडला आहे. तिथे मी काही काढणार नाही. तिच्या हातात खडू धरता येईल तेव्हा ती जागा तिची.

उरलेली कामं: लोकलचे मागचे डबे आणि खिडक्यांतली माणसं, केळव्याच्या पानवेलींना दुसरा हात, दाराआडचा उंदीर, जो फक्त दार लावल्यावर दिसेल, मग तीन फुटांपर्यंत पाण्यात मिसळणाऱ्या मॅट वॉर्निशचा एक पातळ हात, म्हणजे ओल्या फडक्याने पुसता येईल. वॉर्निश आधी कपाटामागे छोट्या तुकड्यावर लावून बघणार आहे, कारण काही वॉर्निशांनी गेरूची छटा काळवंडते. कोणी गेरूच्या छटेवर मॅट वॉर्निश वापरलं असेल तर कुठलं, आणि वर्षभरानंतर पांढरी रेघ पिवळी पडली का, तेवढं कळवा. ताई यायच्या आधी मला तो हात द्यायचा आहे.