सात वाजले की बाळ झोपलेच पाहिजे

गेल्या पंधरवड्यात आमच्या सेवेतील एका ज्येष्ठ भगिनींनी मला चहाला बोलावले आणि अतिशय मायेने सांगितले की, मुलगी वर्षाची होईपर्यंत मी संध्याकाळच्या कोणत्याही सभेला येऊ नये. घर हीच आईची पहिली सेवा असते, असे त्या म्हणाल्या आणि माझ्या जागी मुलींचा बायबल अभ्यास कोणी घ्यायचा याची व्यवस्थाही त्यांनी आधीच करून ठेवली होती. त्यांच्या बोलण्यात खोट काढावी असे काहीही नव्हते. तरीही घरी परतताना मला रडू आले, आणि ते का आले हे नीट सांगता यावे म्हणून हे लिहीत आहे.

आम्ही पती-पत्नी इलिनॉय राज्यातील अर्बाना-शँपेन या जोडगावात, विद्यापीठातील विद्यार्थ्यांमध्ये सेवा करतो. आमच्या मंडळीतील जुन्या लोकांना अर्बाना हे नाव ओळखीचे वाटेल, कारण जगभर सुवार्तेसाठी जाऊ इच्छिणाऱ्या ख्रिस्ती विद्यार्थ्यांचे मोठे अधिवेशन १९४८ पासून २००३ पर्यंत याच गावी भरत असे. विद्यापीठात ५० हजारांहून अधिक विद्यार्थी शिकतात आणि त्यांत परदेशी मुलामुलींची संख्या फार मोठी आहे. २०२३-२४ या वर्षी अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या ३ लाख ३१ हजारांच्या पुढे गेली आणि चीनला मागे टाकून भारत पहिल्या क्रमांकावर आला, हे आपल्याकडील वृत्तपत्रांत आलेच असेल. मात्र त्या आकड्यातील एखादी मुलगी, जिच्या वडिलांनी नांदेडजवळची जमीन गहाण ठेवून तिला पाठवले आहे, पहिल्या हिवाळ्यात चार वाजून गेले की पडणारा अंधार पाहून कशी खचते, हे वृत्तपत्रांत येत नाही. आमचे काम तेथून सुरू होते.

हे काम संध्याकाळचे असते. सकाळी तास, दुपारी प्रयोगशाळा, त्यानंतर कुणाची उपाहारगृहातली पाळी, असा विद्यार्थ्यांचा दिवस जातो आणि ते सात-साडेसातनंतर मोकळे होतात. बायबल अभ्यास त्याच वेळी असतो, शुक्रवारची मोठी सभाही त्याच वेळी असते, आणि मनातले बोलायला तर बहुतेक जण सगळे निघून गेल्यावर, खुर्च्या आवरताना, दहाच्या सुमारास सुरुवात करतात. दिवसा भेटायची वेळ ठरवली तर मुले येतात, अभ्यासाचे बोलतात, आभार मानतात आणि जातात.

आणि येथे लहान मूल असलेल्या घरांत सात वाजता दिवस संपतो. साडेसहाला आंघोळ, मग गोष्टीचे पुस्तक, मग खिडक्यांना काळे पडदे, खोलीत सतत एकसारखा घुमणारा आवाज करणारे यंत्र, आणि सात वाजता दार बंद. त्यानंतर घरातील मोठी माणसे हळू बोलतात, पाहुणे निघून जातात, आणि कोठलेही आमंत्रण आले तरी "तेव्हा तिची झोपायची वेळ असते" एवढे उत्तर पुरेसे मानले जाते, कारण त्यावर पुढे कोणी काही विचारत नाही. ही शिस्त वाईट आहे असे मी म्हणत नाही. आईवडिलांना संध्याकाळ मोकळी मिळते, दोघे शांतपणे जेवतात, आणि मुलेही ताजीतवानी उठतात. परंतु या शिस्तीला वैद्यकीय नियमाचे रूप दिले जाते, तेव्हा मला बोलावेसे वाटते. चार महिने ते एक वर्ष या वयाच्या बाळाला दिवसाच्या डुलक्या धरून २४ तासांत १२ ते १६ तास झोप हवी, अशी येथील निद्रावैद्यांच्या अकादमीची शिफारस आहे. ती झोप सात वाजता सुरू झाली पाहिजे, असा आकडा त्या शिफारशीत नाही. आमची लेक रात्री दहाला झोपते, सकाळी साडेआठला उठते आणि दिवसा दोनदा चांगली झोपते. तिचे वजन आणि वाढ योग्य आहे, हे डॉक्टरांनी प्रत्येक तपासणीत सांगितले आहे. बाळाला पाठीवरच, सपाट आणि मोकळ्या बिछान्यावर निजवावे, उशी किंवा सैल पांघरूण जवळ ठेवू नये, या सूचना आम्ही काटेकोरपणे पाळतो. सभेतही तिचा घडीचा छोटा पलंग शेजारच्या खोलीत मांडलेला असतो आणि आम्हा दोघांपैकी एक जण तिच्याजवळ असतो. एवढे सविस्तर सांगण्याचे कारण असे की, बाळाला घेऊन सभेला येणारी आई बेफिकीर असते, हा समज येथे कोणी बोलून दाखवत नाही, पण तो पाहणाऱ्यांच्या चेहऱ्यावर दिसतो.

या सात वाजण्याला आणखी एक बाजू आहे. हिवाळ्यात येथे संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा जालन्यात सकाळचे साडेसहा झालेले असतात. आई प्रार्थना आटोपून, चुलीवर नव्हे पण गॅसवर चहा ठेवून, फोन समोर धरून नातीची वाट पाहत असते. पहिलटकरणीचे बाळंतपण माहेरी व्हायचे, ते आमच्या बाबतीत झाले नाही. आईच्या व्हिसाची मुलाखतीची तारीखच बाळंतपणानंतरची मिळाली. त्यामुळे आजी आणि नात यांची जी काही ओळख झाली आहे, ती या एका तासात झाली आहे. त्या तासाला दार बंद करून पडदे ओढावेत, हे माझ्याने होणार नाही.

मी स्वतः जालन्यात प्रार्थनासभांतच वाढले. घरोघरी रात्रीच्या प्रार्थना असत, डिसेंबरात नाताळची गीते म्हणत आम्ही मध्यरात्रीपर्यंत फिरत असू, आणि लहान मुले कोणाच्या तरी गोधडीवर, कोणाच्या तरी मांडीवर, ढोलकीच्या आवाजात गाढ झोपलेली असत. गावातील हरिनाम सप्ताहातही हेच दिसे. कीर्तन रंगलेले असताना मांडवाच्या कडेला लेकरांची रांग झोपलेली असायची आणि कोणत्याही आईला त्यासाठी कोणाला उत्तर द्यावे लागत नसे. येथे हे सांगताना मला अभिमान वाटतो. मात्र एक गोष्ट मी मुद्दाम सांगत नाही. बीडकडच्या ऊसतोड कामगार बायकांची लेकरेही फडात, झोळीत, थंडीवाऱ्यात झोपतात, आणि ते पाहून "आमच्याकडे मुले कोठेही झोपतात" असे कौतुकाने म्हणणे मला पाप वाटते. त्या आईला निवड नसते. मला आहे, म्हणूनच मी ती मागते आहे.

त्या ज्येष्ठ भगिनींना मी बायबलमधील शमुवेल संदेष्ट्याच्या बालपणाची आठवण करून दिली. त्याची आई हन्ना हिने दूध तुटताच त्याला शिलोच्या मंदिरात नेले, तो परमेश्वराच्या मंदिरातच निजत असे, आणि तेथेच रात्री त्याने हाक ऐकली. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, त्याच मंदिरात तेथील याजक एली याचे मुलगेही वाढले होते. एलीने आयुष्यभर सेवा केली आणि त्याची मुले हातची गेली. हे उत्तर मी हलके मानत नाही. सेवकांची मुले सेवेवर रागावून मोठी होतात, हे आपल्या मराठवाड्यातील पाळकांच्या घरांतही आपण पाहिले आहे. वडील सगळ्या गावाचे असतात आणि घरी कोणाचेच नसतात. त्या भगिनींनी अशी घरे माझ्यापेक्षा किती तरी जास्त पाहिली आहेत, आणि त्यांची काळजी तेथून येते. परंतु मला वाटते की ती मुले सेवेत असल्यामुळे नव्हे, तर सेवेच्या दाराबाहेर ठेवली गेल्यामुळे दुरावली. आईवडील ज्यासाठी घर सोडून जातात ती गोष्ट मुलाने कधी आतून पाहिलीच नाही, तर त्याला तिच्याविषयी माया कोठून वाटणार?

या लोकांच्या प्रेमाविषयी मात्र माझ्या मनात कणभरही शंका नाही. मुलगी झाल्यावर विद्यार्थ्यांनी आणि मंडळीतील कुटुंबांनी वार वाटून घेतले आणि महिनाभराहून अधिक काळ रोज कोणी तरी जेवण आणून दिले. कोरियाच्या एका मुलीने समुद्रशेवाळाचे गरम सूप आणले, कारण तिच्या देशात प्रत्येक बाळंतिणीला तेच देतात आणि पुढे प्रत्येक वाढदिवसालाही तेच करतात. चीनच्या एका विद्यार्थिनीने आल्याचा रस्सा आणला आणि मला बजावले की महिनाभर गार पाण्याला हात लावायचा नाही, वाऱ्यात जायचे नाही, डोके झाकून ठेवायचे. माझ्या आजीचा सव्वा महिना मला तिच्या तोंडून ऐकायला मिळाला. अळीव आणि डिंक मला आमच्या मराठी विद्यार्थ्यांनी शिकागोच्या भारतीय दुकानातून आणून दिले आणि परभणीच्या एका मुलाने आईला फोनवर विचारून विचारून लाडू वळले. सोयींच्या बाबतीतही या देशाने मला चकित केले. आईला दूध काढण्यासाठी स्वच्छ, खासगी खोली द्यावी आणि ती स्वच्छतागृहात नसावी, असा येथे २०१० पासून कायदा आहे. विद्यापीठात अशा खोल्या आहेत आणि मी त्या वापरल्या आहेत. आपल्याकडे बसस्थानकांवर हिरकणी कक्ष झाले, पण त्यांपैकी काहींना कुलूप असते, हे बोलायला हवे. उलट रजेच्या बाबतीत हा श्रीमंत देश आपल्यापुढे फिका पडतो. आपल्याकडे २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे, तर येथील १९९३ चा केंद्रीय कायदा १२ आठवड्यांची रजा देतो, तीही बिनपगारी. आमच्या संस्थेने रजेतही आमचे मानधन चालू ठेवले, हे येथे नोंदवले पाहिजे.

मानधनाचा विषय निघालाच आहे, तर घरून वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नालाही उत्तर देते. होय, आमचा खर्च देणगीदार मंडळींच्या मासिक दानातून चालतो, आणि बाळाचे दुपटेसुद्धा त्याच पैशातून येते. काही नातलगांना ही मागून खाण्याची गोष्ट वाटते. मंडळीच्या दशांशावर आपले पाळक जगतात, ती मागून खाण्याची गोष्ट कोणी मानत नाही. दुसरा प्रश्न असा असतो की, जेथून मिशनरी आपल्याकडे आले तेथे तुम्ही कशाला गेलात. जालन्याजवळ बेथेलची ख्रिस्ती वस्ती उभी केली ती नारायण शेषाद्री यांनी, आणि तेच शेषाद्री १८७३ साली न्यूयॉर्कच्या मोठ्या ख्रिस्ती परिषदेत बोलायला उभे राहिले होते. जालन्याच्या माणसाने अमेरिकेत येऊन प्रभूविषयी बोलणे ही नवी गोष्ट नाही.

मला खरोखर बोचते ते वेगळे आहे. विद्यापीठाचा परिसर हे असे गाव आहे जेथे एकही बाळ नाही आणि एकही आजी नाही. अठरा ते पंचवीस वयाची हजारो मुले महिनोन्‌महिने केवळ एकमेकांना पाहतात. आमची लेक सभेत आली की गणितात संशोधन करणारी, कोणाशी न बोलणारी मुले जमिनीवर बसून तिच्याशी खेळतात. लातूरच्या एका मुलीची भाची ती येथे आल्यानंतर जन्मली आणि तिने त्या भाचीला अजून मांडीवर घेतलेले नाही. ती आमच्या मुलीला खांद्यावर टाकून थोपटत उभी राहिली आणि त्या रात्री प्रथमच तिने घरचे सांगितले. हे मी घेतलेल्या कोणत्याही अभ्यासाने झाले नसते. मला "ताई" म्हणणाऱ्या या मुलींना ताईचे घर लागते, आणि घरात मूल असते, ते रडते, दूध मागते, दुपटे ओले करते. वर्षभर ते मूल झाकून ठेवून मी त्यांना कोणते घर दाखवणार आहे?

वर्षभर थांबा म्हणणे सोपे आहे. आमच्या धर्मसेवकांच्या व्हिसाची कमाल मुदत ५ वर्षे असते. त्यातील एक वर्ष म्हणजे एकूण सेवेचा पाचवा हिस्सा झाला, आणि जी मुलगी या वर्षी येथे एकटी आहे ती पुढच्या वर्षी पदवी घेऊन निघून गेलेली असेल.

त्यानंतर आम्ही दोघांनी बसून विचार केला आणि त्या भगिनींना पत्र लिहिले. बुधवारचा मुलींचा बायबल अभ्यास आमच्या घरी, साडेपाचला, जेवणासह घ्यावा, असे मी सुचवले आणि त्यांनी ते लगेच मान्य केले. ज्यांची प्रयोगशाळा लांबते त्या मुली उशिरा येतील आणि त्यांच्यासाठी भाकरी झाकून ठेवली जाईल. शुक्रवारच्या सभेविषयी आमचे एकमत झालेले नाही. त्या म्हणतात की पतींनी जावे आणि मी घरी राहावे. आई आता पुढच्या महिन्यात येते आहे, व्हिसा झाला आहे. आई आल्यावर शुक्रवारी आम्ही चौघेही सभेला जाणार आहोत, असे मी त्यांना कळवले आहे, आणि आईला बसायला पाठीची खुर्ची लागेल, तेवढी पुढच्या रांगेत ठेवावी, अशी विनंती केली आहे.