नगेट की नगर

अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडमधल्या एका ग्रंथालयाच्या हस्तलिखित विभागात मी नोंदणीचं काम करते. गेलं वर्षभर हातात आहे एका लहानशा कॉलेजच्या अध्यक्षांचा पत्रव्यवहार, बहुतेक १८७० च्या दशकातला. कागद देणाऱ्या कुटुंबाशी झालेल्या करारामुळे त्यांचं नाव इथे लिहीत नाही.

कॉलेजचा अध्यक्ष म्हटल्यावर आपल्याकडच्या कुलगुरूंचा थाट डोळ्यांपुढे आणू नका. हा माणूस शेवटच्या वर्षाला नीतिशास्त्र शिकवायचा, रविवारी प्रवचन द्यायचा, देणगीदारांची मनधरणी करायचा आणि ‘आमच्या चिरंजिवांना नापास का केलंत’ म्हणून विचारणाऱ्या बापांना स्वतःच्या हातानं उत्तरं लिहायचा. कारकून नाही. लाकडाच्या मोळ्यांचा हिशेबसुद्धा हाच मागणार.

त्या मंगळवारी टेबलावर आली ती त्यांची नकलवही. अशा वह्यांचं तंत्र मोठं गमतीचं. वाफेच्या इंजिनवाल्या जेम्स वॉटनं १७८० मध्ये त्याचं पेटंट घेतलं होतं. खास शाईनं पत्र लिहायचं, ते वहीतल्या झिरझिरीत, ओलसर केलेल्या पानाला लावायचं आणि वही लोखंडी दाबयंत्रात आवळायची. थोडी शाई पानात उतरते. उतरते ती उलटी, पण पान कांद्याच्या पापुद्र्यासारखं पातळ, त्यामुळे दुसऱ्या बाजूनं सुलटं वाचता येतं. मूळ पत्र टपालात जातं, नक्कल घरी राहते. फक्त पाणी बेतानं लावावं लागतं. आमच्या अध्यक्षांचा हात पाण्याच्या बाबतीत फार सढळ होता. कित्येक पानांवर अक्षरं अशी फुगलीत की शाईऐवजी काकवी सांडली असावी.

या वहीची एक जुनी यादी आहे, बऱ्याच वर्षांपूर्वी कुणीतरी केलेली. ती मूळ पानांशी ताडून बघायची, एवढंच माझं काम. पान २१२, साल १८७७. यादीतला सारांश असा: ‘एका माजी विद्यार्थ्याच्या वडिलांना. मुलगा सोन्याच्या खाणीवर. खनिजाच्या शिरा संपल्याची बातमी. राहण्या-जेवणाच्या खर्चाची व्यवस्था.’ विषय: खाणकाम.

शंका यावी असं त्यात काही नव्हतं. १८७६-७७ म्हणजे डकोटातल्या ब्लॅक हिल्समध्ये सोन्यामागे माणसं धावत होती तो काळ. खाणवस्त्यांची नावंही चित्रविचित्र असायची. त्यामुळे मुलानं पत्र ‘अ हार्ड नगेट’ (नगेट म्हणजे सोन्याचा गोळा) या ठिकाणाहून लिहिलंय, हेही कुणीतरी निमूट मान्य केलं होतं.

मी पानामागे पांढरा पुठ्ठा सरकवला आणि भिंग धरलं. ‘हार्ड’मधला आर कुठेच दिसेना. होता तो एम, मग ई, मग डी. पुढे एन, यू, आणि खाली लोंबणारी दोन जींची शेपटं. शेवटचं अक्षर टी नव्हतंच, कारण त्याला आडवी रेघ नव्हती. मी ओठांतल्या ओठांत वाचलं आणि खुर्ची मागे सरकवली.

अहमदनग्गर. त्या काळचे इंग्रज-अमेरिकन आमच्या गावाचं नाव असंच लिहायचे, डबल जी घालून. माझा जन्म नगरचा. दहावीपर्यंत सगळं तिथेच.

मग पुढचं आपोआप सुटत गेलं. यादीतला राहण्या-जेवणाचा खर्च ज्या शब्दावरून आला होता, तो ‘बोर्ड’ म्हणजे खानावळ नव्हे, बी कॅपिटल होता. ते बॉस्टनचं अमेरिकन बोर्ड, १८१० मध्ये स्थापन झालेली मिशनऱ्यांची संस्था. कॉलेजांचे अध्यक्ष आणि हे बोर्ड यांचं जवळचं नातं. विल्यम्स कॉलेजचे मार्क हॉपकिन्स १८३६ ते १८७२ कॉलेजचे अध्यक्ष होते आणि १८५७ पासून १८८७ मध्ये मरेपर्यंत बोर्डाचेही. त्याच कॉलेजातून १८०८ मध्ये बाहेर पडलेला गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत उतरला आणि १८२६ मध्ये फिरतीवर असताना पटकीनं गेला. नगरचं ठाणं १८३१ चं, तिथलं ‘ज्ञानोदय’ नियतकालिक १८४२ चं. न्यू हॅम्पशरहून आलेल्या ज्या फरारबाईंची मुलींची शाळा जोतिराव फुले पुण्यात शाळा काढण्याआधी बघून गेले, त्या बाईही याच बोर्डाच्या.

राहिल्या त्या संपलेल्या शिरा. इंग्रजीत ‘व्हेन्स’. पहिलं अक्षर पाण्यानं पार फुगलेलं, पण व्ही म्हणावं तर डावीकडे एक उभा दांडा जास्तीचा होता. तो आर होता. रेन्स. शिरा संपल्या नव्हत्या. पाऊस पडला नव्हता.

१८७६ ते ७८ चा दख्खनचा महादुष्काळ आमच्या जिल्ह्याच्या इतिहासात असतोच. त्या पत्रात तो एका ओळीत होता. तुमच्या मुलाचं पत्र आलंय, तो सुखरूप आहे, तिकडे पाऊस गेलाय, बोर्डानं पैसे पाठवलेत. एवढंच. वडिलांनी काय विचारलं होतं ते कळायला मार्ग नाही, त्यांचं पत्र या कागदांत नाही. सारांश खोडून नवा लिहायला मला दहा मिनिटंही लागली नसतील, पण त्यानंतर तासभर दुसरं काही केलं नाही.

अडलं ते शेवटी ठिकाणाच्या रकान्यात. पत्रातलं स्पेलिंग एक, प्रमाण नावांच्या यादीतलं दुसरं आणि २०२४ पासून सरकारदरबारी अहिल्यानगर. आमच्या विभागप्रमुख बाई म्हणाल्या, “एकच नाव लिही.” मी म्हटलं, एकच लिहिल्यामुळे तर हे पत्र इतकी वर्षं डकोटात पडून होतं. त्या हसल्या आणि पर्यायी नावांचा रकाना उघडून दिला. रात्री बाबांना फोन केला, तिकडे सकाळ होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बाहेरच्यांनी काहीही लिहू दे, एसटीचा कंडक्टर अजून नगरच ओरडतो.” मग त्यांनी यंदा तिकडे पाऊस कसा आहे ते सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेल्या गेल्या मी सगळ्या याद्यांमध्ये ‘नगेट’ हा शब्द शोधायला टाकला. चार नोंदी आल्या. पहिली खरंच कोलोराडोतल्या सोन्याची निघाली. उरलेल्या तिन्हींची खोकी मागवली आहेत.