लुक्काचं मुखदर्शन

इटलीतल्या लुनीच्या बंदरात आता समुद्र नाही. गाळाने तो कधीच मागे सारला. उरली आहेत सपाट शेतं, रोमन अँफिथिएटरच्या भिंती, आणि पाठीमागे कारराचे डोंगर, खाणींमुळे जागोजागी पांढरे पडलेले. ख्रिस्तपूर्व १७७ मध्ये वसलेल्या या नगरातून तो संगमरवर जहाजांनी रोमला जायचा. उत्खननात एका रोमन घरावर उभारलेल्या जुन्या चर्चचा पाया सापडला आहे. मी त्याच्या कडेला बराच वेळ उभी राहिले. इथल्या बिशपांनी १२०४ मध्ये आपलं पीठ सार्झानाला नेलं आणि गाव ओस पडलं.

सार्झानाहून मी त्याच सकाळी निघाले होते. लुक्का शहरापर्यंत साधारण ऐंशी किलोमीटर, तीन मुक्काम. आळंदी ते पंढरपूर दोनदा चालले आहे, त्यामुळे पायांची काळजी नव्हती. इथे सोबतीला दिंडी नाही, टाळ नाही, ही उणीव मात्र पहिल्या दिवशी फार जाणवली. इंग्लंडमधल्या कॅंटरबरीचा आर्चबिशप सिगेरिक ९९० मध्ये रोमहून परतताना याच वाटेने गेला. त्याने लिहून ठेवलेल्या मुक्कामांत लुनी आहे, कामायोरे आहे, लुक्काही आहे.

माझ्या चालण्याचं कारण होतं लुक्काची ‘व्होल्तो सान्तो’, म्हणजे पवित्र मुख. ही क्रुसावरच्या येशूची लाकडी मूर्ती आहे. कथा अशी की, येशूला कबरीत ठेवताना हजर असलेल्या निकदेमाने ती कोरायला घेतली. अंग झालं, पण चेहऱ्याला हात घालवेना. तो झोपला आणि जागा झाला तेव्हा चेहरा तयार होता. पुढे माणसाविना एका नावेतून मूर्ती लुनीला लागली. लुनीकर धरायला गेले की नाव दूर सरायची. लुक्काचा बिशप आला तेव्हा ती आपणहून काठाला आली. मग वाद. अखेर जुवाची सवय नसलेले बैल गाडीला जुंपून मोकळे सोडले, ते लुक्काच्या वाटेला लागले. लुनीच्या वाट्याला येशूच्या पवित्र रक्ताची कुपी आली. भानुदासांनी हंपीहून विठ्ठल परत आणल्याची कथा ऐकत वाढलेल्या मला यात परकं काही वाटलं नाही. देव कुठे राहायचं ते देवच ठरवतो.

मास्सा आणि कामायोरे मागे पडलं. कामायोरेनंतरचा चढ दमवतो, एवढंच त्याबद्दल. तेरा सप्टेंबरला दुपारी लुक्काचा तट दिसला.

आत शिरताना मनात एक गोष्ट घोळत होती. हे मुख मूळचं नव्हे, जुनी मूर्ती गेली आणि ही बाराव्या-तेराव्या शतकातली तिची नक्कल, असं अनेक अभ्यासक वर्षानुवर्षं मानत होते. २०२० मध्ये फ्लोरेन्सच्या प्रयोगशाळेतलं कार्बनमापन जाहीर झालं. लाकडाचे तीन नमुने आणि लाकडावर चिकटवलेल्या कापडाचा एक. लाकूड जुनं आणून कोरता येतं, पण कापडाचं सूत त्या-त्या वर्षीच्या पिकाचं असतं, म्हणून मला तो कापडाचा तुकडा सर्वांत बोलका वाटतो. काळ निघाला आठव्या शतकाचा शेवट ते नवव्याचा पूर्वार्ध. निकदेमाशी त्याचा मेळ बसत नाही, पण मूर्ती आठव्या शतकात आली असं कथा सांगते. येण्याच्या काळाबाबत कथा पंडितांपेक्षा जवळ निघाली. हजार-बाराशे वर्षं लोक ज्या मूर्तीपुढे गुडघे टेकत आले ती नक्कल नव्हती, हे वाचलं तेव्हा माझे डोळे भरून आले होते.

संध्याकाळी मूर्तीच्या सणासाठी वाटेवरचे विजेचे दिवे मालवले. खिडक्या, कमानी, सज्जे यांच्या रेषांवर काचेच्या पेल्यांत ज्योती लागल्या. सान फ्रेदियानोच्या चर्चपासून सान मार्तिनोच्या कॅथीड्रलपर्यंत मिरवणूक निघाली. मूर्ती आधी सान फ्रेदियानोत होती आणि एका रात्री आपणच सान मार्तिनोला गेली म्हणतात, त्याची ही आठवण. शेजारच्या आजींनी माझे धुळकट बूट पाहिले आणि काही न बोलता आपली मेणबत्ती माझ्या हातात दिली.

आत, शिल्पकार मातेओ चिवितालीच्या १४८४ च्या छोट्या मंदिरात, मूर्ती सणाच्या पोशाखात होती. सोन्याचा मुकुट, जरीकाम केलेला काळा मखमली झगा. खालची लाकडी मूर्तीही लांब बाह्यांच्या, कमरेला बांधलेल्या अंगरख्यातली आहे. दूरदेशी तिच्या प्रतिमा पाहून लोकांना ही दाढीवाली स्त्री वाटली आणि त्यातून विल्गेफोर्टिस नावाच्या संतिणीची भक्ती फोफावली. वेदनेने मिटलेले डोळे मी अनेक क्रुसांवर पाहिले आहेत. इथे डोळे सताड उघडे होते. गर्दी सरकत होती तरी ते माझ्यावरून हलले नाहीत.

मग सवयीने नजर पायांकडे गेली. पायांत चांदीचे जोडे. एका गरीब वादकाकडे अर्पण करायला काही नव्हतं, म्हणून त्याने मूर्तीपुढे वाजवून दाखवलं, तेव्हा तिने पायातला जोडा काढून त्याला दिला म्हणतात. त्या उजव्या पायाखाली एक पेला टेकवलेला होता.