तुम्ही विचारलंत म्हणून: काम उसाचं, मग स्क्रीनवर ज्वारी कशाला?

हळदीकुंकवाला विचारतात, वडापमध्ये विचारतात, परवा तर बँकेच्या रांगेत. "उसावर पीएचडी करतेस म्हणे? मग दिवसभर ज्वारी काय बघतेस?" कोल्हापुरात ऊस म्हणजे काय हे मी कुणाला सांगावं अशी परिस्थिती नाही. तेव्हा थेट ज्वारीवरच येते.

ज्वारीचा जीनोम, म्हणजे तिच्या डीएनएचा सगळा मजकूर, २००९ साली प्रसिद्ध झाला. गुणसूत्रांच्या १० जोड्या, डीएनएची सुमारे ७३ कोटी अक्षरं, सगळं कसं आटोपशीर. आपला ऊस म्हणजे गोड ऊस आणि रानटी ऊस यांचा संकर. त्यात शंभरावर गुणसूत्रं, सुमारे १००० कोटी अक्षरं आणि एकेका जनुकाच्या दहा-बारा प्रती, त्याही एकमेकींपासून जराजरा वेगळ्या. या गर्दीत एखादं जनुक हुडकायचं तर पेठेत पत्ता शोधतो तसं शेजाऱ्याच्या घरावरून जावं लागतं. उसाचा सगळ्यात सरळमार्गी शेजारी ज्वारी.

मी करते ते एवढंच. फायटोझोम या वनस्पतींच्या जीनोमच्या संकेतस्थळावरून दोघांच्या फाइली उतरवायच्या आणि सिनमॅपला, म्हणजे दोन जीनोम शेजारी ठेवून ताडून बघणाऱ्या प्रोग्रॅमला, द्यायच्या. आडव्या अक्षावर ज्वारी, उभ्यावर ऊस. जुळणाऱ्या जनुकांच्या प्रत्येक जोडीला एक ठिपका. जनुकांचा क्रम टिकून असेल तिथं ठिपक्यांची तिरकी रेघ उमटते. ज्वारीच्या एका गुणसूत्रासमोर उसाच्या कितीतरी रेघा, एकीखाली एक. रानटी उसात तर दोन रेघा मध्येच तुटून भलत्याच गुणसूत्रांना चिकटलेल्या दिसतात. याला रांगोळी म्हणणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही. पूर्वी घालायचे.

आमचे आप्पा, म्हणजे धाकटे चुलते, रांगोळी म्हणाले नाहीत. त्यांनी वेगळंच केलं. पावसाळा सरत आला होता आणि त्यांच्या नदीकाठच्या फडात तांबेरा, म्हणजे पानावरचा बुरशीचा रोग, पडला होता. दूध संस्थेच्या कट्ट्यावर चार लोक बसलेले. आप्पांनी उसाचं पान आणलं, उलटं धरलं आणि अंगठ्यानं चोळलं. अंगठा विटकरी झाला. तो त्यांनी माझ्या लॅपटॉपच्या झाकणावर पुसला. रागानं नाही, सहज.

"ह्ये हितं दिसतंय. तुझ्या चित्रात कुठं हाय, दाव."

मी दाखवलं. मनातून खूशच होते, कारण नेमकं तेच मला येत होतं. रियुनियन बेटावरच्या आर ५७० या उसाच्या जातीत गुणसूत्रावर तांबेऱ्याला दाद न देणारी एक जागा आहे, तिचं नाव ब्रू१. फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी ज्वारी आणि भाताच्या नकाशांवरून तिचा माग काढला, २००८ साली त्यावर लेख आला. मी दोन्हीकडची जनुकं ओळीनं दाखवत गेले. हे जुळतं, हे जुळतं, आणि इथं ज्या प्रतीत प्रतिकार आहे तिच्यात एक जादा तुकडा घुसलेला आहे. ज्वारीत तो नाहीच.

आप्पा थोडा वेळ पडद्याकडं बघत राहिले. "म्हंजे जे पायजे, तेवढंच शाळूत न्हाई."

कट्ट्यावर कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. "मग पोरी, शाळूच्या नादाला का लागलीस?" मी काहीतरी बोलले, इंग्रजी शब्द जास्त होते. आप्पा उठले, औषध आणायला गेले.

आता माझी बाजू. ज्वारी नसती तर तो तुकडा जादा आहे हे कळलंच नसतं. जुळणारं सगळं बाजूला सारल्यावरच न जुळणारं वर येतं. आर ५७० चा जवळपास पूर्ण जीनोम यायला २०२४ उजाडलं. तोवर काय हात बांधून बसायचं होतं?

पण हे मी ठासून म्हणते तेव्हा संशोधनाला लागले तेव्हाची मी मध्ये तोंड घालते. तिच्या टेबलासमोर १९९५ मधलं ते चित्र चिकटवलेलं होतं: भात, गहू, मका, ज्वारी, ऊस, सगळे एकात एक वर्तुळांत, जनुकांच्या रांगा एकमेकींसमोर. गवतं सगळी एकच, एकाचा नकाशा कळला की सगळ्यांचा कळला, असं ती म्हणायची. मी तिला सांगते, बाई, रोगप्रतिकाराची जनुकं या रांगांमध्ये सगळ्यात जास्त उड्या मारतात. ती विचारते, मग तू अजून रोज सकाळी ज्वारीचीच फाइल का उघडतेस? सवय म्हणून, हेही उत्तर असू शकेल. निम्मं तरी.

ब्रू१ आहे की नाही हे आता पानाच्या तुकड्यावरून प्रयोगशाळेत तपासता येतं, हे मात्र खरं. आप्पांनी गेल्या आठवड्यात भाच्याबरोबर नव्या बेण्याची पानं पिशवीत घालून पाठवली, चिठ्ठी-निरोप काही नाही. चाचणीत 'आहे' आलं तरी फडात तांबेरा दिसणारच नाही असं मी लिहून देणार नाही, कारण बुरशीही बदलते. 'नाही' आलं तरी तो ऊस बळी पडेलच असं नाही, प्रतिकाराच्या वाटा आणखीही असतात. हे आप्पांना कट्ट्यावर, त्याच चौघांसमोर, कोणत्या शब्दांत सांगायचं ते अजून ठरत नाही. तोवर पानं फ्रीजमध्ये आहेत.