नॅसमध्ये डेटा टाकायच्या आधी डिस्क मुद्दाम काढून बघितली – माझा अनुभव

आमचं ऑफिस छोटं, काम ड्रॉइंग आणि साइटच्या फोटोंचं, आणि एकाच प्रोजेक्टच्या फाइल प्रत्येकाच्या लॅपटॉपवर वेगवेगळ्या, एकीचं नाव फायनल, दुसरीचं फायनल नवीन, तिसरी कुणाच्या तरी पेन ड्राइव्हवर. एक्स्टर्नल हार्ड डिस्क होत्या पण त्या आज कोणाच्या बॅगेत आहेत हे विचारत फिरायला लागायचं. क्लाउडवर सगळं ठेवू असंही बोलणं झालं, पण साइटचे व्हिडिओ धरून डेटा दोन टीबीच्या पुढे गेलेला आणि आमच्या लाइनचा अपलोड स्पीड बघता एवढं रोज वरखाली करणं शक्य नव्हतं. म्हणून नॅस, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कला जोडलेला, सगळ्यांना एकत्र वापरता येणारा डिस्कचा डबा, घ्यायचं ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं.

पहिला प्रश्न, तयार डबा घ्यायचा की जुन्या पीसीवर स्वतः बनवायचा. पीसीचा नॅस करणारी ट्रूनॅस आणि ओपनमीडियाव्हॉल्ट ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत आणि चांगली आहेत, मला स्वतःला ट्रूनॅसचं झेडएफएस (डिस्कवर फाइल मांडायची एक पद्धत) फार आवडतं. पण मी सुट्टीवर असताना काही बंद पडलं तर ऑफिसातल्या दुसऱ्या कोणाला तरी ते बघता आलं पाहिजे, म्हणून सिनॉलॉजी, क्यूनॅप, असस्टोर यांच्यासारखा तयार डबा, जो ब्राउझरमधून चालवता येतो, तोच बरा असं ठरवलं. प्रोसेसरवर मी फार वेळ घालवला नाही. टीव्हीवर सिनेमे ट्रान्सकोड करून (चालू असताना दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलून) बघायचे असतील तर प्रोसेसर बघा, नुसत्या फाइल ठेवायला साधासुद्धा पुरतो. मी दोनच गोष्टी बघितल्या, रॅम वाढवता येते का आणि बीटीआरएफएस (झेडएफएससारखीच एक पद्धत) चालतं का, कारण सिनॉलॉजी आणि असस्टोरमध्ये स्नॅपशॉट (फाइल त्या वेळी जशा होत्या तशी नोंद, जिच्यातून त्या परत काढता येतात) त्याच्यावर अवलंबून असतात, आणि पुढे कळेल की स्नॅपशॉटशिवाय ऑफिसात नॅस ठेवू नये असं माझं मत का झालंय.

बे, म्हणजे डिस्क टाकायचे खण, किती हवेत यावर मात्र बरीच चर्चा झाली. रेड म्हणजे काही डिस्क एकत्र जोडून एखादी गेली तरी डेटा टिकवायची पद्धत, तिचे प्रकार नंबरने ओळखतात. चार बेमध्ये ४ टीबीच्या चार डिस्क टाकल्या तर रेड ५ मध्ये साधारण १२ टीबी मिळतात आणि एक डिस्क गेली तरी चालतं, रेड ६ मध्ये ८ टीबी मिळतात आणि दोन गेल्या तरी चालतं. आणि ८ टीबीच्या दोनच डिस्क घेऊन रेड १ केलं तर तेवढेच ८ टीबी, दोन्हीवर तोच डेटा. आम्ही चार बेचा डबा घेतला आणि सध्या दोनच डिस्क टाकल्या, बाकीचे दोन बे पुढच्यासाठी रिकामे. कमी डिस्क म्हणजे आवाज कमी, वीज कमी, बिघडायच्या वस्तूही कमी. (८ टीबीची डिस्क कॉम्प्युटरवर ७.२ च्या आसपास दिसते, त्यात फसवणूक काही नाही, कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि कॉम्प्युटर १०२४ च्या.)

आता डिस्क. माझं प्रामाणिक मत, डब्याच्या मॉडेलवर जेवढा वेळ घालवाल त्याच्या दुप्पट डिस्कवर घाला. हार्ड डिस्क दोन प्रकारे लिहितात, सीएमआर आणि एसएमआर. सीएमआरमध्ये ट्रॅक (डेटा लिहायच्या गोल रेषा) शेजारी शेजारी असतात, एसएमआरमध्ये ते कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात, त्यामुळे जागा जास्त मिळते, पण मधलं एक कौल बदलायचं तर शेजारची पण उचलायला लागतात, म्हणजे लिहिलेल्यावर परत लिहिणं हळू होतं. एरवी ते जाणवतही नाही, पण रेडमधली डिस्क बदलून रिबिल्ड (नव्या डिस्कवर सगळा डेटा परत भरणं) चालू असतं तेव्हा सलग तासन् तास लिहायचं असतं आणि तिथे ही डिस्क मागे पडते. २०२० मध्ये हे प्रकरण बरंच गाजलं होतं, वेस्टर्न डिजिटलच्या ‘रेड’ नावाच्या (लाल या अर्थाने, वरच्या रेडशी संबंध नाही) मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर निघाल्या, नंतर त्यांनी सीएमआरवाल्या रेड प्लस नावाने वेगळ्या केल्या. म्हणून नुसतं नॅससाठी असं लिहिलंय म्हणून घेऊ नका, मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या डेटाशीटमध्ये सीएमआर शब्द शोधा. दुसरं म्हणजे साधी डेस्कटॉप डिस्क एखादा सेक्टर वाचता आला नाही तर बराच वेळ प्रयत्न करत बसते, नॅसची डिस्क साधारण ७ सेकंदांत सोडून देते आणि रेडला सांगते की दुसरीकडून घे. डेस्कटॉपवाली गप्प बसली की रेडला वाटतं ही मेली आणि तो तिला बाहेर काढतो, डिस्क चांगली असली तरी. आणि दोन्ही डिस्क एकाच लॉटमधल्या घेऊ नका, मी वेगवेगळ्या ठिकाणांहून घेतल्या, एका लॉटमध्ये दोष असला तर दोघी बरोबरच जायला नकोत.

सगळं आलं, जोडलं, आणि लगेच फाइल टाकू असं सगळे म्हणत होते पण मी टाकू दिल्या नाहीत. आधी दोन्ही डिस्कची लांबवाली स्मार्ट टेस्ट (डिस्कने स्वतःचीच करायची तपासणी) लावली, ती पूर्ण डिस्क वाचते, एवढ्या मोठ्या डिस्कला बरेच तास लागतात. मग रेड १ बनवून त्यात कामाचा नसलेला डेटा भरला, आणि चालू नॅसमधून एक डिस्क सरळ ओढून काढली (हॉट स्वॅप चालतं का ते आधी मॅन्युअलमध्ये बघा). बीप वाजायला लागला, मला मेल आला, आणि फाइल उघडतच होत्या. हा मेल येणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण नॅस कपाटाच्या मागे कुठेतरी ठेवलेला असतो, तो लाल दिवा कोण बघणार, आणि पहिली डिस्क गेलेली कळलीच नाही तर दुसरी जाईपर्यंत सगळं छान चाललंय असंच वाटतं. मग डिस्क परत घातली आणि रिबिल्ड लावलं, ते दुसऱ्या दिवशीपर्यंत चाललं. ८ टीबी म्हणजे सेकंदाला १५० ते २०० एमबीने धरलं तरी ११ ते १५ तास होतातच, आणि तेवढा वेळ तुमचा डेटा एकाच डिस्कवर असतो. हे आकडे वाचून माहीत होते पण स्क्रीनवर तो टक्का सरकताना बघितला तेव्हा ऑफिसातल्या सगळ्यांना पटलं की रेड हा बॅकअप नाही. यूपीएसचं पण तसंच केलं, यूएसबी केबलने नॅसला जोडून भिंतीवरचं बटण बंद केलं आणि नॅस आपलाआपण नीट शटडाउन होतो का ते बघितलं, झाला.

नेटवर्कबद्दल थोडक्यात. गिगाबिट लाइनवर कागदावर १२५ आणि प्रत्यक्षात ११० एमबी प्रति सेकंदाच्या आसपास मिळतात. तुम्हाला ११-१२ च मिळत असतील तर मध्ये कुठेतरी १०० एमबीपीएसचा जुना स्विच आहे किंवा केबलची एखादी जोडी तुटलीय, नॅसला दोष देऊ नका. पहिली कॉपी वायफायवरून करू नका, केबल लावा, दोन टीबीला पाच तास धरून चाला, लहान फाइल खूप असतील तर जास्तच. मी विंडोजमधलं कॉपी करायचं रोबोकॉपी वापरलं कारण मध्येच तुटलं तर परत चालवलं की झालेल्या फाइल सोडून पुढे जातं, शेवटी दोन्हीकडच्या फाइलची संख्या आणि चेकसम (फाइलमधल्या मजकुरावरून काढलेला आकडा) जुळवले आणि मगच लॅपटॉपवरच्या जुन्या कॉप्यांना हात लावला. राउटरमध्ये नॅसचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) पक्का करून ठेवा, नाहीतर एखाद्या सकाळी सगळ्यांचे मॅप केलेले ड्राइव्ह गायब.

परमिशन देताना एक नियम ठेवला, संपलेले प्रोजेक्ट सगळ्यांना फक्त वाचायला, चालू प्रोजेक्ट त्या त्या टीमला लिहायला, हिशोबाचं फोल्डर वेगळं. अ‍ॅडमिन नावाचं मूळ खातं बंद करून दुसऱ्या नावाने बनवलं, आणि रोजच्या कामाला मी स्वतः सुद्धा साधं खातं वापरते. बऱ्याच जणांना माहीत नसतं की नेटवर्कवरची फाइल डिलीट केली तर ती आपल्या कॉम्प्युटरच्या रिसायकल बिनमध्ये जात नाही, सरळ जाते, म्हणून नॅसमध्ये प्रत्येक शेअरचं रिसायकल बिन चालू करायला लागतं. पण त्याने डिलीटच वाचतं, ओव्हरराइट नाही. आमच्याकडे एका सहकाऱ्याने जुनं ड्रॉइंग नव्यावर सेव्ह केलं आणि क्लायंटची मीटिंग तोंडावर, तेव्हा दर तासाच्या स्नॅपशॉटमधून सकाळची फाइल काढून दिली, चहा यायच्या आत काम झालं. स्नॅपशॉट फक्त बदललेला भाग साठवतो म्हणून जागाही फार खात नाही.

बाहेरून फाइल बघायच्या असा आग्रह होताच. इथे मी अजिबात ऐकलं नाही, राउटरवर पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) उघडायचं नाही आणि ते आपोआप उघडू देणारं यूपीएनपी बंद. २०१४ चं सायनोलॉकर, एप्रिल २०२१ चं क्यूलॉकर, जानेवारी २०२२ चं डेडबोल्ट, ही सगळी रॅन्समवेअर (फाइल लॉक करून पैसे मागणारी) इंटरनेटवर उघड्या असलेल्या नॅसच्या मागे लागली होती, आणि लोकांचे घरचे फोटो, ऑफिसचा डेटा सगळं लॉक झालं. आम्ही वायरगार्डचं व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये यायचा सुरक्षित रस्ता) लावलं, आधी व्हीपीएन जोडायचं मग ड्राइव्ह उघडायचा, सुरुवातीला कटकट वाटली, आता सवय झाली.

आणि बॅकअप. तीन कॉप्या, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत, हा ३-२-१ चा हिशोब आम्ही असा बसवला: नॅस, दोन एनक्रिप्ट केलेल्या यूएसबी डिस्क ज्या आलटून पालटून लागतात आणि एक कायम कोणाच्या तरी घरी असते, आणि फक्त चालू प्रोजेक्ट रात्री क्लाउडवर, तेवढं आमच्या अपलोडला झेपतं. यूएसबी डिस्क बॅकअप झाला की काढून ठेवतो, लावलेलीच ठेवली तर व्हायरस तिलाही पकडणार. अधूनमधून एखादं जुनं फोल्डर नॅसला हात न लावता, वेगळ्या लॅपटॉपवर, नुसत्या त्या डिस्कवरून परत काढून उघडून बघते, ड्रॉइंग उघडतंय का, फोटो दिसतायत का. हे करताना एनक्रिप्शनची किल्ली लागते, ती नॅसमध्येच सेव्ह असेल तर नॅस गेल्यावर बॅकअपचा काही उपयोग नाही, म्हणून ती कागदावर छापून दोन वेगळ्या घरी ठेवलीय, आणि कुठे ठेवलीय ते माझ्याशिवाय अजून एकाला माहीत आहे.