दहाची पाच नाणी

"एवढी समुद्राची काळजी वाटते, तर मासे खाणं का सोडत नाहीस?" हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत, ऑफिसात डबा खाताना, अगदी लोकलमध्येसुद्धा विचारून झालाय. विचारणारे निम्मे शाकाहारी असतात. उरलेल्यांच्या ताटात त्याच क्षणी सुरमईची तुकडी असते. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगते.

नाही सोडणार. माझं आजोळ मालवणकडचं. मे महिन्यात पहाटे रापण लागायची. होडी जाळं सोडत अर्धगोल मारून परत यायची आणि किनाऱ्यावर दोरीच्या दोन रांगा उभ्या राहायच्या. आम्ही पोरं शेपटाला. दोरी ओली, खरखरीत, तळहात सोलून काढणारी. तास-दीड तास ओढलं की जाळ्याचा घोळ पाण्याबाहेर यायचा, आत बांगडे, पेडवे, तारले तडफडत असायचे, चार कुर्ल्या आणि जेलीफिशचा गिळगिळीत गोळाही. मग एक आजोबा ओंजळभर मासे माझ्या फ्रॉकच्या ओच्यात टाकायचे. "घे गो चेडवा, तुझो वाटो." दोरीला हात लावला त्याला वाटा, हा नियम. ते पेडवे घरी नेईपर्यंत फ्रॉकला जो वास लागायचा तो आईला दोन धुण्यांत जायचा नाही.

हे सगळं जुनं म्हणून चांगलं, असं मला म्हणायचं नाही. रापणीतही बारकी मासळी येते. उत्तरेकडे पालघर-मुंबईला डोल जाळं लावतात. ते जागेवर बांधलेलं असतं, भरती-ओहोटीचं पाणी त्यातून जातं आणि शेवटची आस, म्हणजे जाळ्याची भोकं, इतकी बारीक की जवळ्यासारखी चिमुकली कोळंबीही अडकते. त्यात बोंबील-करंदीबरोबर पापलेटची पिल्लंही जातात. परंपरेला हात जोडून प्रश्न सुटत नाही. पण रापणीला एक मर्यादा होती, माणसाच्या हाताची. दमलं की थांबायचं.

पर्ससीन जाळं दमत नाही. बांगड्या-तारल्यांचा थवा दिसला की त्याच्याभोवती जाळ्याची भिंत उभी करायची आणि तळाची दोरी आवळायची, बटव्याची नाडी आवळावी तशी. अख्खा थवा आत. वर रात्री एलईडीचे झगमगते दिवे सोडले की मासे आपणहून गोळा होतात. राज्याने 2016 मध्ये पर्ससीनवर निर्बंध घातले, केंद्राने 2017 मध्ये एलईडीच्या मासेमारीवर बंदी आणली, 2021 मध्ये राज्याचा कायदा दुरुस्त होऊन दंड लाखांत गेला. कागद भक्कम आहेत. तरी रापणवाले आणि पर्ससीनवाले यांच्यातलं भांडण काही मिटलेलं नाही, कारण समुद्रात रात्री जाऊन बघायला गस्तीच्या बोटी लागतात आणि त्या हव्या तेवढ्या नाहीत. इथे माझं ताट काही करू शकत नाही. इथे आमदाराला विचारायचं, आणि मच्छीमार मोर्चा काढतात तेव्हा "रस्ता अडवला" म्हणून नाक मुरडायचं नाही.

ताटाचा संबंध येतो तो पापलेटपाशी. 2023 च्या सप्टेंबरात पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. त्यानंतर दोनच महिन्यांत सरकारने 54 जातींचं पकडण्यासाठीचं किमान आकारमान ठरवलं. पापलेटचं 135 मिलिमीटर. मी पट्टी घेऊन बाजारात जायचे, तर लोक हसायचे. मग लक्षात आलं की दहा रुपयांचं नाणं 27 मिलिमीटरचं असतं. पाच नाणी एकापुढे एक मांडली की झालं माप. आणि हे किमान माप आहे, मासा पोटभर वाढला असा त्याचा अर्थ नाही.

आमच्या बाजारातल्या मावशींच्या पाटीवर पहिल्यांदा मी नाणी मांडली, तेव्हा त्यांनी हात मारून बाजूला सारली. "अगो बाय, भवानी व्हायची हाय अजून. मी नाय घेतला तर दुसरी घेईल." खोटं नव्हतं ते. लिलावात जे येतं ते त्या घेतात. पण बारकं पापलेट एवढं खपतं कशाला? थाळीसाठी! अख्खा तळलेला मासा ताटात शेपटीसकट मावायला हवा आणि दरही आटोक्यात हवा, म्हणून हॉटेलवाल्याला बारकाच लागतो. घरीसुद्धा आपण "माणशी एक" असा हिशोब करतो. एक मोठा आणून तुकड्या केल्या, तर काय बिघडतं? मानाचा प्रश्न होतो, एवढंच. अंडी घालायच्या वयात येण्याआधीच जो मासा तव्यावर गेला, त्याची पुढची पिढी तव्यावरच गेली.

आणि म्हणूनच मी सोडत नाही. उद्या मी शाकाहारी झाले तर मावशींच्या लेखी एक गिऱ्हाईक कमी, बस. उभी राहून "बारका नको" म्हणणारीचं त्या ऐकतात, कुरकुरत का होईना.

काही मात्र सोडलंय. मोरी, म्हणजे बारका शार्क. मालवणी मसाल्यातली मोरी काय असते हे ज्याने खाल्लंय त्याला सांगायला नको, आणि बाळंतपणात मला दूध यावं म्हणून आईने बारक्या मुशीचं कालवणच आठवडाभर घातलं होतं. पण मुशी-मोरीचं कुळ उशिरा वयात येतं आणि पिल्लं मोजकीच देतं. बांगड्यासारखी लाखभर अंडी नाहीत. उपसा झाला की भरून यायला वर्षानुवर्षं लागतात. आई अजून रुसते यावरून.

याउलट एक गोष्ट ऐकून मला फार बरं वाटलं होतं. डिसेंबर 2018 पासून राज्यात योजना आहे: जाळ्यात कासव, डॉल्फिन, देवमुशी (व्हेल शार्क) असा संरक्षित जीव अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून तो सोडला, तर जाळ्यापोटी 25,000 रुपयांपर्यंत भरपाई. जाळं कापणं म्हणजे काय ते दर्यावर जाणाऱ्यालाच कळतं. तरी कापतात.

आता कोणी हमखास आकडे फेकतं. 2019 मध्ये महाराष्ट्राची मासळी 2.01 लाख टनांवर आली, 45 वर्षांतला नीचांक. खरं आहे, पण त्या वर्षी वादळांमागून वादळं आली, होड्या बंदरातच होत्या. दुसरा म्हणतो, कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने 2022 मध्ये तपासलेल्या समुद्रातल्या मासळीच्या 135 साठ्यांपैकी 91 टक्के ठीक निघाले, मग रडता कशाला? तेही खरं. मी दोघांनाही सांगते, देशाची बेरीज ठीक असली तरी आपल्या बाजारातलं पापलेट बारीक झालेलं डोळ्यांना दिसतं. बेरजेत ते दिसत नाही.

1 जून ते 31 जुलै मासेमारीला बंदी असते. त्या दिवसांत घरात सुकट, सोडे, सुके बोंबील. पाहुणे आले की "ताजं नाही?" विचारतात. बाजारात असतंही, शीतगृहातलं, नाहीतर पूर्व किनाऱ्यावरून बर्फात आलेलं; तिकडची बंदी 14 जूनला संपते. मी नाही आणत. पावसात वाल घातलेलं सुकटीचं कालवण आणि भाकरी असताना पापलेटची आठवण येणाऱ्याची मला कीव येते.

परवा रविवारी गेले तर मावशींची पाटी पापलेटने चकाकत होती, सगळी बारकी. मी पर्स उघडणार तोच त्या म्हणाल्या, "नाणी आत ठेव, मना ठावं हाय." आणि शेजारच्या टोपलीतले डझनभर बोंबील पिशवीत टाकले. दर मात्र रविवारचाच लावला.